बगू, सोमवारी ये

माय,

परवा आपल्याकडची, पूर्णेची एक पोरगी माझ्याकडं जेवायला आली होती. जर्मन शिकायला म्हणून इथं येऊन तिला तीन आठवडे झालेत, अजून ज्वारीच्या भाकरीवाचून जीव कासावीस होतो म्हणते. जेवताना तिनं विचारलं, "ताई, तुमच्या जवळपास खोली भेटंल का एखादी?" मी म्हणाले, "बघू." तिचा घास हातातच राहिला. "म्हंजे न्हाई ना?" मला हसू आवरेना. ती गेल्यावर वही घेऊन तुला लिहायला बसले. तुला जाऊन बारा वर्षं झाली, आणि असतीस तरी तुला कुठं वाचता येत होतं. पण हे तुलाच सांगायचं आहे.

आपल्याकडं 'बगू' म्हणजे नाही, हे मी चालायच्या आधीच शिकले असेन. जत्रेतल्या बांगड्या बगू, शाळेची सहल बगू, नवा फ्रॉक बगू. त्या दिवशी तू शाळेच्या स्वयंपाकखोलीत पोरांची खिचडी हलवते आहेस, धुरानं डोळे लाल झालेत, आणि मी उंबऱ्यात उभी राहून सांगते आहे की भाषा शिकायला माझी निवड झाली, मला जर्मनीला जायचंय. तू मान वर न करता म्हणतेस, "बगू." मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. भरल्या ताटावरून उठले, तुला अडाणी म्हणाले. तू एवढंच म्हणालीस, "बगू म्हनलं ना म्या? मंग बगू दी की." चौथ्या दिवशी कळलं, तू खरंच बघत होतीस. गुरुजींना कपाटातला पृथ्वीचा गोल काढायला लावलास, आपला देश कुठं आणि जर्मनी कुठं ते विचारून घेतलंस, हात पदराला पुसलेस आणि मधलं अंतर वितीनं मोजलंस. घरी येऊन म्हणालीस, "एक वीत बी न्हाई. जा."

इथं आल्यावर ती वीत फार लांब निघाली. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडायचा. वर्गात सगळे बोलायचे, मी मान हलवायची. कळलं तरी हलवायची, नाही कळलं तरी हलवायची. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, आवाजाला कडक. सहा महिन्यांनी परीक्षा होती, ती हुकली तर पुढचा प्रवेश नाही, म्हणजे सरळ परतीची वाट. नेमकी त्या दिवशी मी तापानं फणफणले. दोन दिवसांनी बाईंना गाठून विचारलं, मला परत बसू द्याल का? त्या जे म्हणाल्या त्याचा शब्दाला शब्द अर्थ होता, बघू या, सोमवारी ये. आपल्या तहसीलात 'बगू, सोमवारी या' ऐकून कुणाचं काम झालंय? मी खोलीवर आले आणि बॅग भरायला घेतली. सोमवारी गेलेच नाही.

मंगळवारी पुस्तकं परत करायला गेले तर बाई दारातच उभ्या. "काल दोन तास तुझा पेपर घेऊन बसले होते. कुठं होतीस?" मी मोडक्या भाषेत सांगितलं, तुम्ही बघू म्हणालात. त्या गोंधळून म्हणाल्या, "हो. आणि मी बघितलं. परवानगी मिळाली." तिथंच त्यांच्या टेबलाशी बसवून त्यांनी माझा पेपर घेतला. मी पास झाले. त्या दिवशी ट्राममध्ये मला एकाएकी आठवलं की तो फ्रॉक आला होता. आठ महिन्यांनी आला होता, बांगड्याही आल्या होत्या. तोवर मी मागितलेलं विसरून गेले होते, म्हणून तुझ्या नावावर फक्त नकार राहिले. सहल तेवढी जमली नाही, पण तू बघितलं असणार, याची आता मला खात्री आहे. माय, मी इथं उभी आहे ती तुझ्या बघण्यावर. हे तुझ्या तोंडावर कधी म्हणाले नाही.

हे पत्र वहीतच राहील. माझी पत्रं तुला वाचून दाखवणारे गुरुजीही आता नाहीत, आणि पुढचं त्यांनी वाचावं म्हणून मला लिहवलं नसतं. दुसऱ्या वर्षी तू फोनवर विचारलंस, "दिवाळीला येशील का गं?" मी म्हणाले, "बघू." तुला वाटलं, लेक आपल्यासारखंच म्हणते आहे, म्हणजे खरंच बघते आहे. गुरुजींनी नंतर सांगितलं, शेवटच्या दुखण्यातही जो येईल त्याला तू सांगायचीस, "ती बगायलीय." माय, मी बघत नव्हते. मला सुट्टी होती, आणि मी तिकिटाचं विचारलंसुद्धा नव्हतं कुणाला.