मावशींच्या बोर्डिंगचा समग्र इतिहास

२ जानेवारी, सकाळी
बँकेतून बिनपगारी रजा. बोर्डिंगमधली जिन्याखालची खोली घेतली. विषय: हे जुनं बोर्डिंग आणि ते चालवणाऱ्या मावशी, यांचा समग्र इतिहास. महिन्याभरात पुस्तक हातात. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, म्हणाले की तुझ्याच्याने साधी लग्नपत्रिका लिहून व्हायची नाही. दाजींचं तोंड बंद करणं हा संशोधनाचा हेतू नाही. पण होईल.

३ जानेवारी
मावशींची पहिली मुलाखत, स्वयंपाकघरात. त्या म्हणाल्या, रिकाम्या हाताने बोलायची मला सवय नाही, मटार सोला. सोलले. असा विश्वास संपादन करावा लागतो. मिळालेली माहिती: यंदा मटार किडके आहेत.

८ जानेवारी
मावशी खुलल्या. मूळच्या इथल्या नाहीतच. फुलपाखरांचा अभ्यास करायला आल्या होत्या, महिनाभर. मग पुढे काय झालं, असं विचारलं तर म्हणाल्या, मोरीतला नळ गळतोय, जरा वायसर बदलता का. बदलला. या नादात फुलपाखरांचं राहून गेलं. किरकोळ तपशील. तळटीप टाकू.

१५ जानेवारी, दुपारी
मोठा शोध! मावशींच्या आधी बोर्डिंग चालवणारे गृहस्थ चक्क व्हायोलिनवादक. मैफलीच्या तयारीसाठी शांत जागा म्हणून महिनाभर उतरले होते. त्यांच्या आधीचे गृहस्थ नकाशे काढायचे. या वास्तूकडे बुद्धिमंत ओढले जातात, हा माझा सिद्धांत. मावशींना ऐकवला. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात. मग म्हणाल्या, पहाटे उठताच तर उद्यापासून दूध तुम्हीच घ्या.
संकल्प: उद्यापासून रोज दहा पानं. काय वाटेल ते होवो.

१६ जानेवारी
दूध घेतलं. पानं उद्यापासून.

२४ जानेवारी
वरच्या खोलीतल्या सेल्समनने उशी कडक असल्याची तक्रार माझ्याकडे केली. मी इतिहासकार आहे, असं त्याला ठणकावून सांगितलं. मग उशी बदलून दिली.
चादरी वाळत घालण्याची माझी पद्धत मावशींपेक्षा सरस आहे. त्याच म्हणाल्या. ज्याच्यावर संशोधन चाललंय त्याने संशोधकाचं कौतुक करावं, हे फार थोड्यांच्या नशिबी येतं. दिवसभर शीळ घालत होतो.

३० जानेवारी
मावशींनी किल्ल्यांचा जुडगाच हाती दिला. सगळं घर संशोधनाला खुलं! एकूण एक खोली उघडून पाहिली. ऐतिहासिक असं काही नाही. गाद्यांना मात्र ऊन दाखवायला हवं.
मावशी बहिणीकडे गेल्या आहेत, दोन दिवसांसाठी. जाताना एक जुनी जाळी बरोबर नेली, लांब दांड्याची. या वयात माणसं कशाला काय नेतील, नेम नाही.

११ फेब्रुवारी
बँकेतून फोन. रजा कधीच संपली म्हणे. सांगितलं, सध्या गाद्या उन्हात आहेत, मग बोलू.
मावशींचा पत्ता नाही. दहा पानांचा संकल्प पाचावर आणला आहे. आधी झाडलोट आवरू दे.

१९ फेब्रुवारी
ताई आणि दाजी आले. पुस्तक बघायला. झालेलं पान एकच, त्यावर शीर्षक. दाजी टोमणा मारतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. ते चहा प्यायले, खोल्या बघून आले आणि म्हणाले, चहा झकास, चादरी स्वच्छ, तुला तुझं काम सापडलं बुवा. मनापासून म्हणाले. टोमणा परवडला असता.
ते गेले आणि एक तरुण बाई आली, दुर्बीण घेऊन. धूमकेतू शोधायचाय, महिनाभरच राहीन म्हणाली. मला एकदम मावशींची जाळी आठवली. फुलपाखरं धरायचीच होती ती. इतिहास आत्ता कुठे पूर्ण समजला. त्यातलं शेवटचं प्रकरण मीच. रडू आलं, अगदी खरं.
तिला सांगणार होतो, बाई, आल्या पावली परत जा. पण बँकेचा विचार मनात आला. साहेबांच्या हातापाया पडलो तर अजूनही परत घेतील.
जिन्याखालच्या खोलीची किल्ली तिला दिली. मग सहज विचारलं, मटार सोलता येतात का.