निळं कमी दिसतंय

३ मार्च
ठरलं. किडनीवरचे वण पुसायचे. आधी उंदरांचे, मग ताईचे.

कल्पना साधी आहे. किडनीला इजा होते, पेशी डागडुजीला लागतात. इजा संपते, डागडुजी संपत नाही. वणावर वण चढत जातात. कारण पेशींना ‘थांबा’ सांगणारा जीन शाबूत असला तरी त्याच्यावर मिथाइल नावाचं रासायनिक बूच बसलेलं असतं. जन्मतः नाही, नंतर बसलेलं. एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच. नंतर बसलेलं बूच काढता येतं. माझं औषध काढतं.

लॅबच्या प्रमुख मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, काढतं का ते बघू. मोठी माणसं अशीच बोलतात.

४ मार्च
ताईचा फोन. साखर वर्षभर उत्तम आहे, तरी किडनी घसरतेच आहे. तिला समजावलं, साखर गेली पण पेशींवर जुन्या साखरेच्या खुणा राहिल्या. ती म्हणाली, म्हणजे पेशी आईवर गेल्यात, काही विसरत नाहीत.

डॉक्टरांनी फिस्टुला करून घ्यायला सांगितलाय. पुढे डायलिसिस लागलं तर हातातली शीर आणि धमनी आधीच जोडून ठेवायची. तयार व्हायला काही आठवडे जातात. मी म्हणालो, घाई नको, औषध होतंच आहे. तिने विचारलं, उंदरांना विचारलंस का?

ताईला विज्ञान कळत नाही. स्वभाव चांगला.

९ मार्च
पहिल्या स्लाइड्स. रंग दिल्यावर वण निळा दिसतो, बाकी लाल. शून्य ते चार गुण. चार म्हणजे सगळं निळं. औषधवाल्या उंदरांत निळं स्पष्ट कमी. एका स्लाइडमध्ये बरंच होतं, पण ते कडेला. कडेला असतंच. मधला भाग पाहिला. दीड.

समोरच्या टेबलावरचा सहकारी (मी त्याला शंकासुर म्हणतो) विचारत होता, कुठली स्लाइड कुठल्या उंदराची हे तुला आधीच माहीत असतं का? म्हटलं, अर्थात, लेबलं मीच लावतो. तो नुसता ‘अच्छा’ म्हणाला. लोकांना स्वतःची कामं नसतात.

१३ मार्च
मॅडमच्या आग्रहाखातर कॉम्प्युटरकडून निळं मोजून घेतलं. औषधवाले आणि नुसतं मीठपाणी दिलेले, दोन्ही सारखेच आले. सॉफ्टवेअरला नजर नसते. उद्यापासून फक्त डोळे.
संकल्प: शंकासुराशी वाद नाही. कॉफी दिवसाला एकच.

१४ मार्च
दोन्ही मोडले.

१८ मार्च
मिथाइल मोजलं. बूच निघालेलं दिसत नाही. पण अख्खी किडनी वाटून मोजली की सगळ्या जातींच्या पेशी एकत्र येतात. माझ्या पेशी त्यात दडून बसल्या असणार. म्हणजे बूच निघालंय, फक्त दिसत नाही. हे मीटिंगमध्ये मांडलं. कुणी एक शब्द बोललं नाही. पटलं.

२२ मार्च
ताई म्हणाली पाय सुजतात. मी म्हणालो, थोडी कळ काढ, गुण दीडवर आलेत. तिने विचारलं, कुणाचे? म्हटलं, उंदरांचे. मागून भावोजींचा आवाज: साहेबांच्या उंदरांना आमचा नमस्कार सांग.
फिस्टुलाचा विषय मीच काढला. महिनाभर थांबच म्हणालो. ती बरं म्हणाली. ताईचा माझ्यावर पहिल्यापासून विश्वास. लहानपणी तिचं बंद पडलेलं घड्याळ मीच उघडलं होतं. ते पुढे चाललं नाही, पण तो सेलचा दोष.

२४ मार्च
मॅडमनी स्लाइड्सवरची लेबलं झाकली. वर नुसते आकडे. म्हणाल्या, सगळ्यांचंच असं करतो, मनावर घेऊ नकोस.
घेतलं. इतक्या वर्षांनी हा अविश्वास! असो. निळं ते निळं. औषधाला कसली भीती.

२५ मार्च
मुद्दाम अवघड स्लाइड्स दिल्यात. सगळ्याच मधल्या वाटतात. कड धरायची की सोडायची, ठरेना. कुठली कुणाची हे माहीत नसताना बघायचं म्हणजे बघायचं तरी काय?

२७ मार्च
निकाल. मी मीठपाणीवाल्यांना कमी निळं दिलंय. औषधवाल्यांना जास्त.
शिवाय मॅडमनी काही स्लाइड्स दोनदा ठेवल्या होत्या. एकाच स्लाइडला मी सकाळी एक दिला, दुपारी तीन. म्हणालो, दुपारी उजेड बदलतो. मॅडम म्हणाल्या, मायक्रोस्कोपला स्वतःचा दिवा असतो.
शंकासुर हसला नाही. गुपचूप कॉफी आणून ठेवली. तेच जास्त लागलं.

२८ मार्च
कारणं: रंगाची बाटली जुनी. पिंजरा फ्रिजच्या घरघरीपाशी. डोस कमी.
यातलं ताईला कुठलं सांगायचं? मी थांब म्हणालो म्हणून ती थांबली आहे. हात अजून तसाच आहे तिचा. तीन वेळा फोन हातात घेतला. केला नाही. तिची झोपायची वेळ असेल. दुपारी झोपते कधीकधी.

२९ मार्च
केला. सगळं सांगितलं. औषध नाही, लवकर होणारही नाही, उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा.
ताई म्हणाली, अरे वेड्या, फिस्टुला मी कधीच करून घेतला. तू घाई नको म्हणालास ना, त्याच आठवड्यात. विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तू इतका खुशीत होतास. भावोजी मागून म्हणाले, आणि उंदरांना वाईट वाटलं असतं.
मग ती म्हणाली, जोड दिलेल्या जागी सारखं गुणगुणत असतं, आत भुंगा कोंडल्यासारखं. थांब, ऐकवते. फोन हातावर धरला असावा. बराच वेळ धरला. परत येऊन विचारलं, आलं ना ऐकू?
हो म्हणालो.
काही ऐकू आलं नव्हतं.