माझ्याच अक्षरातली पाकिटं

प्रिय ताईस,

धाकटीचा गुडघे टेकून नमस्कार. (टेकता येतात, उठायला खुर्ची लागते.) तुझ्या गुडघ्यांचं काय? नवा डॉक्टर चालायला सांगतो की बसायला? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? भावोजींचा खोकला एव्हाना थांबला असेल. इथे देवदयेने सगळे बरे आहेत आणि तुझी बहीण लेखिका झाली आहे. निदान पोस्टमनची तशी समजूत आहे.

झालं असं, की चर्चच्या वाचनालयात मी जुनी पुस्तकं पुसायला जाते (फडक्याशी माझा संबंध जुना). तिथे कपाटाच्या तळाशी विटेएवढं जाड पुस्तक मिळालं: ख्रिस्ती लेखकांसाठी मार्केट गाइड. ताई, मी स्टुलावर बसले ती ग्रंथपालबाईंनी किल्ल्या वाजवेपर्यंत उठले नाही. मी आपली समजत होते, आपली मासिकं असून असून किती असणार, दोन-चार. इथे पानांमागून पानं! आजाऱ्यांच्या उशाशी ठेवायचं मासिक, ट्रकवाल्यांसाठी चार पानी पत्रिका, तुरुंगात वाटायचं साप्ताहिक आणि एक तर फक्त दवाखान्यात नंबर यायची वाट बघणाऱ्यांसाठी. प्रत्येकाखाली संपादकाचं नाव, पत्ता, शब्द किती हवेत, काय नको. एकाला स्वर्गात जाऊन आल्याचे अनुभव नकोत, एकाकडे कुत्र्यांवरच्या कविता पुरेशा आहेत. कुठेतरी एक अनोळखी माणूस टेबलाशी बसून क्षमेवरच्या नेमक्या सातशे शब्दांची वाट बघतो आहे, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. लहानपणी शाळेतल्या चॅपलचं छत बघताना यायचा, अगदी तसाच.

मग मी 'धीर' या विषयावर लेख लिहिला. समास दोन बोटं, शीर्षकाखाली पट्टीने रेघ, सगळं सिस्टरांनी शिकवलं तसं. गाइडच्या आज्ञेप्रमाणे (त्यात दहापेक्षा बऱ्याच जास्त आज्ञा आहेत) अकरा ठिकाणी पाठवला, प्रत्येकात परतीचं तिकीट लावलेलं पाकीट, वर माझा पत्ता माझ्याच अक्षरात. आठवड्याभरात ती पाकिटं परत येऊ लागली. पोस्टमन दाराशी थांबून फार हळुवारपणे विचारू लागला, की बाई, तुम्ही स्वतःलाच इतकी पत्रं का लिहिता, घरात बोलायला कुणी नाही का? हल्ली तो जाताना हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलून जातो. माझं अक्षर मात्र, खरं सांगते, पाकिटावर काय सुरेख दिसतं!

दहा ठिकाणांहून छापील नकार आले. अकराव्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, संपादकाच्या पत्नीची. तेव्हा कुठे मी गाइडचं पहिलं पान बघितलं. पुस्तक अकरा वर्षांपूर्वीचं. मी एका दिवंगत माणसाला धीर पाठवला होता! बाईंनी लिहिलं होतं: "हे जाऊन चार वर्षं झाली. मासिकही त्यांच्यामागोमाग गेलं. पाकिटावर त्यांचं नाव होतं म्हणून उघडलं. धीर कसा धरावा ते सगळं लेखात आहे. पण त्यात तुम्ही कुठे आहात?"

ज्यांना कधी पाहिलं नाही, पाहणार नाही, त्यांनी चष्मा लावून माझी सगळी पानं वाचली होती. गाइडात हा पत्ता जुना म्हणून खोडायला हवा. मला तो सगळ्यांत खरा वाटला.

मग मी 'धीर' बाजूला ठेवला आणि माझी एक चूक लिहून काढली. दवाखान्यात वाट बघणाऱ्यांच्या साप्ताहिकाला ती पाठवली. (तेच एक मला जवळचं. गेल्या वर्षात मी कितीदा तिथे बसले आहे!) माझ्या अक्षरातलं पाकीट परत आलं तेव्हा ते दोन दिवस साखरेच्या डब्याखाली पडून होतं. तिसऱ्या दिवशी उघडलं. लेख घेतला आहे. ताई, मी चक्क छापून येणार. बाकी विशेष काही नाही. प्रकृतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. एक अट आहे. लेखात हयात व्यक्ती असेल तर तिची लेखी संमती हवी. तू हयात आहेस, देवाची कृपा. चॅपलमधल्या देवदूताच्या पुतळ्याचं नाक आठवतं? बिशप आले होते, तू एकटीने गायला उभी राहिलीस आणि ते नाक वरून टपकन तुझ्या वहीवर पडलं. चॅपलच्या साफसफाईची मॉनिटर तू, म्हणून मदरनी तुलाच विचारलं. तू मान खाली घातलीस आणि नंतर शाळेत कधी गायली नाहीस. ते नाक आदल्या दिवशी पुसताना मी तोडलं होतं आणि ओल्या साबणाने चिकटवलं होतं. मी तिसऱ्या बाकावर होते. एक्कावन्न वर्षं गप्प बसले.

ता. क. २. गाइड म्हणतं, संमती मिळत नसेल तर व्यक्ती बदलावी. तुझ्या जागी वर्गातली एक मैत्रीण घालून बघितली. ती दुसऱ्याच परिच्छेदात माझं नाव सांगून मोकळी झाली.

ता. क. ३. सोबत तिकीट लावलेलं पाकीट आहे, पत्ता नेहमीच्याच अक्षरात. नकार दिलास तर लेख परत मागवीन. सही केलीस किंवा नाही केलीस, एवढं मात्र कळव: तुला माहीत होतं का? आणि कापसात गुंडाळलेलं जे आहे ते जपून उघड. लेखासोबत वस्तू पाठवू नयेत असं गाइडात स्पष्ट लिहिलं आहे, म्हणून त्या दिवशी गुपचूप उचलून ठेवलेलं नाक तुला पाठवते.