काचेमागच्या वायरी

फिलाडेल्फिया,
१२ सप्टेंबर १९८४

प्रिय लोरेटा,

नाताळच्या कार्डापलीकडे आपण एकमेकींना काही लिहिल्याला युगं लोटली. माझा गुडघा तसाच आहे. धाकट्या भाचीला मुलगा झाला. बातम्या संपल्या. आता खरं सांगते, मी गेले चार दिवस नुसती चरफडते आहे, आणि ते तुलाच सांगायला हवं.

शनिवारी नव्या संग्रहालयात आपलं यंत्र पाहायला गेले. ते अजून लोकांसाठी उघडलेलं नाही. तिथल्या पेटिट नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं मला 'जुन्या आठवणी' सांगायला बोलावलं होतं. खोली भरून उभ्या असायच्या त्या कपाटांपैकी थोडीच उरली आहेत. काचेपाशी उभी राहिले आणि तूच दिसलीस मला: केसांत पेन्सिल, गुडघ्यावर फाटलेले मोजे. लढाईच्या दिवसांत तोफगोळा कुठे पडेल याची गणितं आपण हातानं करायचो. मग एक दिवस सांगण्यात आलं की यापुढे ती यंत्र करील, तुम्ही वायरी जोडून ती त्याच्यावर मांडून द्या. कशी मांडायची, ते कुणीच ठरवलं नव्हतं. ते आपण शोधलं, नुसत्या आकृत्या बघून. मी जोडण्यांची यादी ओळीनं वाचायची, तू वायर खोचून 'आहे' म्हणायचीस, शाळेत सिस्टर इमेल्डा जपमाळ म्हणवून घ्यायची तसं. "रोझलीन, अशीच वाचत राहिलीस तर यंत्र कॅथलिक होईल," म्हणालीस, आणि हसण्यात माझी ओळ चुकली. पुन्हा पहिल्यापासून!

तुझा क्लिफर्ड दारात कॉफी घेऊन उभा असायचा. "बायांनो, माझ्या बाळाला बिघडवू नका." बाळ त्याचंच होतं, मी कुठे नाही म्हणते? त्यातली ट्यूबन् ट्यूब त्याला ठाऊक होती. पण गणित मांडायला त्यानं एकदाही वायर हातात घेतली नाही. कुठल्याच इंजिनिअरनं घेतली नाही. टेलिफोन ऑफिसातल्या मुलींसारखं काम ते, त्यांना कमीपणा वाटायचा.

म्हणून सांगते, काचेमागची जोडणी चुकली आहे. बेरजेच्या कपाटातून निघालेली वायर वळून त्याच कपाटात शिरते. कार्डांना भोकं पाडून उत्तर देणाऱ्या यंत्रापर्यंत एकही वायर पोचत नाही. दिसायला मात्र देखणी, वेणी घातल्यासारखी. आपल्या वायरी कशाही लोंबायच्या, खालून वाकून जावं लागायचं, पण गणित सुटायचं.

"ही कुणी जोडली?" मी पेटिटला विचारलं.

"स्वतः मिस्टर क्लिफर्ड बॅनक्रॉफ्टनी. त्यांना सगळं तोंडपाठ आहे."

"असेल. पण हे यंत्र दोन आणि दोनसुद्धा मिळवणार नाही."

तो हसला, आजीच्या बोलण्याला हसतात तसा. "मॅडम, आता ते चालू कुठे करायचंय? छान दिसलं म्हणजे झालं."

"छान दिसतं म्हणून चर्चमध्ये बायबल उलटं मांडाल का?"

तेव्हा कुठे तो जरा वरमला. म्हणाला, एकट्या माझ्या शब्दावर बदल करता येणार नाही. पण त्या कामातल्या दुसऱ्या कुणी दुजोरा दिला, तर उद्घाटनाआधी तो मला वायरी नव्यानं लावू देईल. एकदा उघडलं की तीच जोडणी फोटोत, पुस्तकांत कायमची.

दुसरी कोण उरली आहे, लोरेटा? तुझं नाव सांगायला मी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, जोडणी बरोबर आहे ना, हे विचारायला तुला त्यानं आधीच फोन केला होता. फोन क्लिफर्डनं उचलून तुझ्या हातात दिला. तू म्हणालीस, "क्लिफर्डचंच बरोबर असेल. आम्ही मुली नुसत्या वायरी हातात देत होतो." घरी येईपर्यंत मी बसमध्ये रडत होते. यंत्राच्या पाटीवर क्लिफर्डचं नाव असू दे, माझं नसलं तरी चालेल. पण तू स्वतःलाच पुसून टाकलंस, ते मला सोसत नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी पेटिट तुला पुन्हा फोन करणार आहे. क्लिफर्ड शेजारी बसला असेल तर बसू दे. फक्त उत्तर देण्याआधी त्याच्याकडे बघू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
रोझलीन