किल्ली, पोपट आणि पर्मनंट नोकरी

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरलीय, तेव्हा तो उभ्याउभ्याच गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा, मामीचं बी.पी. आणि बाल्कनीतलं ते हट्टी लिंबाचं झाड, तिघांचीही खुशाली कळवा. माझी तब्येत उत्तम आहे, डोकं तेवढं फिरलंय.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "पर्मनंट कधी होणार तू?" मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलंत. फोन ठेवता ठेवता आणखी एकदा! अहो मामा, टोमणा एकदा मारला तरी लागतो. बँकेत मॅनेजर असताना कर्जदारांच्या मागे लागायची सवय असेल तुम्हाला, पण मी तुमची सख्खी भाची आहे. तेव्हा एकदाचं सविस्तर उत्तर लिहूनच टाकते.

पर्मनंट व्हायला संशोधनाचं मोठं अनुदान मिळवलेलं असावं लागतं, आणि मोठ्या अनुदानाला अर्ज करायला पर्मनंट असावं लागतं. हे मी ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांनी मान डोलावली आणि चहा मागवला. मध्येच लटकलेल्यांसाठी 'करिअर-आधार' नावाची कार्यशाळा असते. तिथे एका टायवाल्या गृहस्थांनी स्मृतिभ्रंशावर संशोधन करणाऱ्या आम्हा सगळ्यांना दिवसभर 'स्वतःला विकायला शिका' म्हणून सांगितलं. (विकत कोण घेणार, असं मी विचारल्याबरोबर जेवणाची सुट्टी झाली.) माझ्याबरोबरची सगळ्यात हुशार मुलगी आता शाम्पूच्या कंपनीत केस का गळतात ते शोधते. तिथे ती पर्मनंट आहे. डोक्यावरच्या केसांना पैसा आहे मामा, डोक्याच्या आतल्याला नाही! संताप संताप होतो नुसता.

रुग्णालयातली माझी खोली तुम्ही पाहिलेली नाही. एक्स-रेच्या शेजारी, पूर्वी कुबड्या ठेवायचे ती. एक टेबल, तीन खुर्च्या, त्यातली डगमगणारी माझी. समोर म्हातारं माणूस बसतं, शेजारी घरचं कुणीतरी. मी पाच शब्द सांगते, मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारते आणि शेवटी ते शब्द विचारते. त्याच माणसांना दर सहा महिन्यांनी, वर्षानुवर्षं विचारावं लागतं, तेव्हा कुठे कळतं की साधा विसराळूपणा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो. आजार पंधरा-पंधरा वर्षं दबा धरून बसतो आणि अनुदान मिळतं दोन वर्षांचं. आजाराने जरा उरकतं घ्यावं, अशी बहुधा अनुदान देणाऱ्या समितीची अपेक्षा असावी.

तर या समितीने मला मुलाखतीला बोलावलं. गुळगुळीत टेबल, पाण्याच्या बाटल्या, पलीकडे तिघं जण. अध्यक्ष हृदयाचे मोठे डॉक्टर, एक हिशेबनीस आणि एक प्रशासनातल्या बाई. आता समोर पिकलेल्या केसांचं माणूस बसलं की माझ्या तोंडून जे निघतं तेच निघालं. "नमस्कार. मी पाच शब्द सांगते, नीट ऐका, शेवटी विचारीन. किल्ली, पोपट, साबण, छत्री, लाल." त्यांना वाटलं, हे माझ्या सादरीकरणातलंच काहीतरी असेल. मग वीस मिनिटं मी जीव तोडून बोलले, आणि शेवटी सवयीने विचारलंच, "हं, आता सांगा बरं ते शब्द."

अध्यक्ष म्हणाले, "किल्ली... आणि..." मग परत "किल्ली." हिशेबनिसांनी हळूच कागदावर लिहून ठेवले होते (ही कॉपी झाली!). मी आपली धीर देत म्हटलं, "घाई नाही हं. एक पक्षी होता." बाई म्हणाल्या, "कावळा." वीस मिनिटं कंटाळलेल्या माणसाला शब्द आठवत नाहीत, त्यात आजार-बिजार काही नसतो. तिथेच थांबायला हवं होतं, पण जिभेला हाड कुठे? मी अध्यक्षांना मायेने विचारलं, "सोबत घरचं कुणी आलंय का?"

निकाल आला. काम महत्त्वाचं आहे, मात्र अर्जदार पर्मनंट नसल्याने विचार करता येत नाही. अरे, मग बोलावलंत कशाला? पोपट बघायला? महिनाअखेरीला माझ्या खोलीत चाकांच्या खुर्च्या ठेवणार आहेत.

मामीला नमस्कार, लिंबाला पाणी.

तुमची भडकलेली भाची

ता. क. पैसे नकोत, कुणाकडे शब्दही टाकू नका. मागणं वेगळंच आहे. येत्या गुरुवारी मामीला घेऊन माझ्या खोलीत या.

आणखी एक. रविवारी तो टोमणा नव्हता, हे मला फोन ठेवल्यावर कळलं; वर टोमणा म्हटलं ते खरं लिहायचा धीर होईना म्हणून. शेवटच्या वेळीही तुमचा आवाज पहिल्यांदाच विचारल्यासारखा होता, तितकाच काळजीचा. मी हेच काम करते, आणि माझ्याच मामांचा मला आधी राग आला! मामीला विचारलं तर तिने विषय बदलला. मामा, मला भीती वाटतेय. कदाचित काहीच नसेल, झोप नसेल झाली, ऐकू कमी येत असेल. म्हणूनच या. शब्द नाही आठवले तर मी रागावणार नाही. (समितीवरही रागावले नव्हते, तेच तर त्यांना झोंबलं.) किल्ली-पोपट पाठ करून येऊ नका, तुमच्यासाठी वेगळे शब्द काढलेत. अर्ज मी पुन्हा टाकलाय, कारण सहा महिन्यांनी तुम्हाला परत विचारायला त्या खोलीत कुणीतरी असायला हवं. गुरुवार लक्षात ठेवायचं काम मामीचं. आणि मी पर्मनंट कधी होणार, ते हवं तितक्या वेळा विचारा. मी दर वेळी सांगेन.