शेवटची मूठ

३ नोव्हेंबर
धरणगावहून रिक्षाने अर्धा तास, आणि आले बाई एकदाची! माझे गाइड राजदीप सर, त्यांच्या गावच्या घरात कापूस छतापर्यंत रचलाय, मला शिंकांवर शिंका. पण देवघरातली उल्का पाहिली आणि सगळं विसरले. पृथ्वी घडायच्या आधीचा दगड, सरांच्या पणजोबांच्या शेतात पडलेला. इतकी वर्षं त्यांनी कुणालाच दाखवला नव्हता. कापसाच्या काट्यावर ११.४० किलो भरला. गंमत म्हणून मीही चढले, ५२. सर पुण्यातच राहिलेत, पण मी निघताना त्यांनी माझं वजन विचारलं होतं. किती काळजी करतात!

सरांच्या आईंनी, द्रौपदाबाईंनी, घरची रीत पाळली. माणसामागे एक मूठ गहू, नाव घेऊन, दगडापुढे. शेवटची मूठ माझ्या नावाची. अनाथाश्रमात वाढलेल्या मला कुणी घरातली म्हणून मोजायची ही पहिलीच वेळ. रडूच आलं.

६ नोव्हेंबर
दगड १३.१०. काटा किराणावाल्याच्या वजनांनी तपासला, चोख आहे. सर शिकवायचे, ग्रह असेच झाले. कणाला कण चिकटला, गोळा मोठा झाला, मग आसपासचं ओढून गिळू लागला. पण इथे हा काय गिळतोय? गहू तर तसेच पडलेत.

मी ५०.३०.

९ नोव्हेंबर
दगड १७.६०, मी ४५.८०. बेरीज रोज तीच येते. बांगडी कोपरापर्यंत सरकते.

सरांना फोन केला. म्हणाले, हवा मानवली नसेल. आवाज कसा टणटणीत! दोन वर्षं ते खंगत होते, आम्ही विद्यार्थी डबे पोचवायचो.

आईंना खोदून विचारलं. शेवटची मूठ ज्याची, तो दगडाचा, पुढची मूठ दुसऱ्याच्या नावाने पडेपर्यंत. लांबच्याला हळू खातो, जवळ आलेल्याला सोडत नाही. माझ्याआधीची राजदीपची होती. मी पाय धरले. त्या म्हणाल्या, "बेटा, मी त्यानी माय शे. तुन्ही नही."

११ नोव्हेंबर
फाट्यापर्यंत गेले. बस समोर उभी— पाय मागे वळले, उताराला लागल्यासारखे. परत देवघरात.

सर, माझा प्रबंध तुम्ही ओळ न् ओळ तपासलात. मी तुम्हाला बाप मानलं हो. वजन त्यासाठी विचारलंत—

१२ नोव्हेंबर
दगड कसाबसा लोटून काट्यावर घेतला, ३१. मी काट्यावर चढले नाही.

१३ नोव्हेंबर
आई वेचणीला गेल्यात. कोठीपर्यंत सरपटत— गहू मिळाले. मूठ आवळत नाही, दाणे गळतात. दोन्ही हातांनी ओढणीत भरून दगडापुढे आणलेत. मूठ पडली की मी सुटेन.

नाव मोठ्याने घ्यायचं. आधी लिहून ठेवते, जीभ वळली नाही तर—

राजदी