नको म्हणजे नको

मेहरूण, मंगळवार, १७ सप्टेंबर १९९१

विनूकडे इंग्लंडला राहून आले, म्हणून आज शेजारची सुमन तिथलं ऐकायला आली. "अक्का, बठ्ठं दखी उनी ना?" म्हणाली, सगळं बघून आलीस ना. मी किल्ल्यांचं सांगितलं, दारातच चहाचं दुकान, आत गालिचे. पबचं सांगितलं. दारूचंच दुकान, पण लोक बायकामुलांसकट जेवतात. तिथल्या तळलेल्या बटाट्याच्या फोडी मला फार आवडल्या होत्या. वाढणारीनं अजून आणू का विचारलं, विनूनं मला मराठीत सांगितलं. मी मान हलवून नको म्हटलं. पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. तर ती हसून रिकामी ताटली घेऊनच गेली. विनू म्हणाला, "आई, इथे नको म्हणजे नको." पोट अर्धंच भरलं होतं, तरी मीही हसले.

सुमनला आणखी चहा विचारला. ती नको म्हणाली, मी कप भरला, ती प्यायली.

एक गोष्ट तिला सांगितली नाही. निघायच्या आधी विनूनं विचारलं होतं, "आई, अजून दोन महिने राहतेस?" मी म्हटलं, "नको रे, घर बंद आहे." वाटलं, आता म्हणेल, असं कसं, राहायचंच. तो "बरं" म्हणाला आणि तिकिटाचा फोन करायला उठला. पबमधल्या त्या बाईनं ताटली उचलली तसंच. रागवू तरी कुणावर? नको तर मीच म्हटलं.

मघाशी त्याचा फोन आला. "घरी बरं वाटतंय ना?"

मी हो म्हटलं. त्याला तेही खरं वाटलं.